दोन एकादश्या

आमच्या आणि सिस्टरांच्या अंगणामधली भिंत जेमतेम कमरेएवढी आहे. बांधताना विटा संपल्या, पुढच्या आठवड्यात आणू म्हणून राहिल्या, त्या राहिल्याच. या भिंतीवरून कढीपत्ता जातो, विरजण येतं, आणि बातम्या तर दोन्ही बाजूंनी. परवा मात्र तिच्यावर अठराशे वर्षांचं भांडण वाळत पडलं होतं, ते सांगते.

निमित्त बापूंचं. बापू पलीकडच्या गल्लीतले, केळीची शेती मुलाकडे सोपवून जळगावात राहायला आलेले, गळ्यात माळ. पाय धड होते तोवर कोथळीहून मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जात. संध्याकाळी काठी टेकत आले आणि फाटकातूनच म्हणाले, "ताई, तुमच्या कालनिर्णयात आज काय लिहेल आहे?"

"स्मार्त एकादशी."

"आन् उद्या?"

"भागवत."

"तेच तर! अरुणोदयाला दशमीचा वेध असला म्हनजे ती एकादशी वारकऱ्याला चालत नाही. आमची उद्या. पन हिच्या माहेरी पहिली धरतात. लग्नाला पन्नास वर्षं होतील, ही आज उपाशी, मी उद्या उपाशी. आज घरात नुसता साबुदाणा शिजेल आहे. म्हनजे मला दोन दिवस उपास!"

भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. सिस्टर पऱ्हाटीच्या जाळावर बामणोदची वांगी भाजत बसल्या होत्या. नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सगळा मोहल्ला त्यांना सिस्टरच म्हणतो. धुरातून डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बापू, तुमचं दोन दिवसांवर भागतं. आमच्या ईस्टरच्या तारखेचं भांडण दुसऱ्या शतकात सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही."

"काबर? तुमच्यातबी दोन पंचांगं?"

सिस्टरांना हे विचारणं म्हणजे देवळातल्या घंटेला धक्का देणं. त्यांचे सासरे नगरकडे पाळक होते. सासऱ्यांची पुस्तकांची ट्रंक सिस्टरांच्या माळ्यावर आहे आणि रात्रपाळीच्या सवयीनं सिस्टरांना झोप येत नाही, त्यामुळे ती ट्रंक त्यांनी तळापर्यंत वाचली आहे. मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण अख्खं रोमन साम्राज्य दोन तासांत उरकायची. म्हणून मी आपली भिंतीला टेकून मुकाट ऐकते.

तर गोष्ट अशी. आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मंडळ्या पुनरुत्थानाचा सण यहुद्यांच्या वल्हांडणाच्या तिथीला धरायच्या. निसान महिन्याची चौदावी, मग वार कुठलाही येवो. रोमची मंडळी म्हणायची, रविवारच पाहिजे. इ. स. १५५च्या सुमारास स्मुर्णा शहराचा म्हातारा बिशप पॉलिकार्प एवढा समुद्र ओलांडून रोमला गेला. तिथला बिशप अनिसेटस. दोघं बोलायला बसले. पॉलिकार्प म्हणाला, आम्ही प्रत्यक्ष येशूचा शिष्य योहान याच्या पायाशी बसून शिकलो, तो असंच करायचा. अनिसेटस म्हणाला, माझ्या आधीच्या वडीलधाऱ्यांनी जे चालवलं ते मी मोडणार नाही.

"मंग कोन जितलं?" बापूंनी विचारलं.

"कोणीच नाही."

"आँ?"

"कोणीच नाही, बापू. तो याला पटवू शकला नाही, हा त्याला. पण रोमच्या बिशपानं आपल्याच मंडळीत प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्पला चालवायला दिला, आणि म्हातारा सुखानं घरी परतला."

बापू काठीवर हनुवटी टेकवून विचार करत राहिले. मग म्हणाले, "म्हनजे दुसऱ्या फडाचे महाराज आले आन् आपल्या फडावर त्यांच्या गळ्यात वीणा घातली."

सिस्टरांनी वांगं फिरवायचं सोडून त्यांच्याकडे पाहिलं. सासऱ्यांच्या ट्रंकेत एवढं नेमकं वाक्य नसावं.

पुढे मात्र बिघडलं. पस्तीसेक वर्षांनी रोमला व्हिक्टर नावाचा बिशप आला. त्याला सगळीकडे एकच तारीख हवी होती. आशियाच्या मंडळ्या ऐकेनात, तेव्हा त्यानं त्यांच्याशी संबंधच तोडायला घेतला. चक्क वाळीत. त्या वेळी मध्ये पडला तो फ्रान्समधल्या लिऑनचा बिशप इरिनेअस. हा स्वतः रविवारवाला, पण लहानपणी त्यानं पॉलिकार्पला पाहिलेलं, त्याचं बोलणं ऐकलेलं. त्यानं व्हिक्टरला पत्र लिहून समजावलं की, बाबा, तारखेचंच काय घेऊन बसलास, त्याआधीच्या उपासाचंसुद्धा एकमत नाही. कोणी एक दिवस धरतं, कोणी दोन, कोणी सलग चाळीस तास. तुझ्या आधीच्यांना हे ठाऊक होतं, तरी ते एकमेकांशी गोडीनं राहिले. इरिनेअस या ग्रीक नावात शांतता हा शब्द आहे. युसेबियस नावाच्या जुन्या इतिहासकारानं हे पत्र जपून ठेवलं आणि तोही जाता जाता म्हणून गेला की माणूस नावासारखाच निघाला.

"चाळीस तासाच्या उपासाला साबुदाणा चालायचा का?" बापूंची आपली खरी चौकशी.

हे सगळं त्या दिवशी सिस्टरांना का आठवत होतं, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या घरात महिनाभर एक विषय धुमसतोय. नातू झालाय. सुनेच्या माहेरचे म्हणतात, नाताळात बाळाचा बाप्तिस्मा करून घेऊ. सिस्टरांचा भुसावळचा भाऊ म्हणतो, अंगावर पिणाऱ्या पोराला काय कळतं? मोठा होऊ दे, स्वतःच्या तोंडानं विश्वास सांगू दे, मग पाण्यात उतरू दे. आता फक्त त्याला प्रार्थनेनं देवाला अर्पण करा. सिस्टर स्वतः चौदाव्या वर्षी हौदात पूर्ण बुडी मारून बाप्तिस्मा घेतलेल्या. नवरा मात्र दोन महिन्यांचा असताना कपाळावरच्या तीन थेंबांनी ख्रिस्ती झालेला. चाळीस वर्षं संसार झाला, पाणी किती हा प्रश्न निघाला नाही. नातवानं तो काढला.

"वहिनी, आमच्याकडे जिल्हा बदलला की बाप्तिस्मा बदलतो," सिस्टर म्हणाल्या.

त्यात अतिशयोक्ती नाही. एकोणिसाव्या शतकापासून मिशनांनी आपसात मुलूख वाटून घेतले होते, एकानं दुसऱ्याच्या शेतात नांगर घालायचा नाही म्हणून. नगरला अमेरिकन मराठी मिशन, ते लहान मुलांना बाप्तिस्मा देणारं. नाशिकला इंग्लंडच्या चर्चचे लोक. नागपूर, जालना स्कॉटिश मंडळींकडे. आणि वऱ्हाडातून भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर धुळे-नंदुरबारच्या बाजूला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. हे दोन्ही कळत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे. बोस्टनला आणि न्यूयॉर्कला ठरलेल्या गोष्टी मनमाडच्या अलीकडे-पलीकडे रूढी होऊन बसल्या. मनमाडला गाडी बदलणाऱ्या नवरीला दोन्ही बाजूंना तोंड देणं आलं.

"पाणी किती यावर भांडन," बापू म्हणाले, "हे तर जळगावचंच झालं. नळ कोन्या दिवशी येतो ते आधी इचारा."

सिस्टर एकदम उठल्या, हात पदराला पुसले. "बापू, हेच! अगदी हेच लिहिलंय." त्यांनी सांगितलेली गोष्ट मला फारच आवडली. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला मंडळ्यांसाठी एक चिमुकली पुस्तिका लिहिली गेली, डिडाखे म्हणजे शिकवण नावाची. शेकडो वर्षं ती हरवलेली होती. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिचं हस्तलिखित सापडलं. तिच्यात बाप्तिस्म्याची रीत दिली आहे. वाहत्या पाण्यात द्या. वाहतं नसेल तर साठलेल्यात. थंड जमत नसेल तर कोमट चालेल. आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. संपलं! लिहिणारा माणूस दुष्काळी भागातला असणार, असं माझं मत.

"मग भावाला हे दाखवा की," मी म्हटलं.

"दाखवलं. तो म्हणाला, यात लहान मुलांबद्दल कुठे काय आहे?"

खरं होतं. नव्हतं.

वांगी सोलायला बसल्यावर विषय पंगतीवर गेला, आणि तिथे मात्र मी कान टवकारले. अंत्युखिया शहरात यहुदी ख्रिस्ती आणि बिगरयहुदी ख्रिस्ती एका पंगतीत जेवायचे. येशूचा थोरला शिष्य पेत्रही जेवायचा. मग यरुशलेमहून, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची सोवळी माणसं आली, आणि पेत्र हळूच उठून वेगळा बसायला लागला. त्याचं पाहून पौलाचा सोबती बर्णबाही. प्रेषित पौलानं हे सगळ्यांदेखत पेत्राच्या तोंडावर काढलं. थोरल्या गुरुबंधूला भर पंगतीत झापणं आलं हे! खरा प्रश्न होता, परक्यांनी ख्रिस्ती व्हायचं तर सुंता करून आधी यहुदी व्हायचं की नाही. त्यासाठी इ. स. ४९च्या आसपास यरुशलेमला बैठक बसली. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात तिचं वर्णन आहे. निकाल पहा कसा व्यवहारी: सुंता नको. पण मूर्तीपुढचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि व्यभिचार, एवढं टाळा. चारपैकी तीन गोष्टी ताटातल्या! एका पक्षाला मानेवरचं जोखड काढून दिलं, आणि दुसऱ्याला शेजारी बसून घास गिळता येईल एवढी सोय करून दिली. पंक्तिभेदाचं दुःख ज्या मुलखानं पाहिलंय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

"आन् त्या राजानं घेतलेली सभा? ती नातवानं मोबाईलवर दाखवली होती मला," बापू म्हणाले. त्यांचा नातू त्यांना काय काय दाखवतो.

ती निकेया शहरातली. २०२५ साली तिला १७०० वर्षं झाली. आरियस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक धर्मगुरू म्हणत होता, पुत्र, म्हणजे येशू, मोठा खरा, पण तोही देवानं निर्माण केलेला. म्हणजे पित्याच्या बरोबरीचा नाही. त्यावरून बंदरावरच्या हमालांपर्यंत तट पडले. कॉन्स्टंटाइन बादशहा नुकताच सगळ्या साम्राज्याचा धनी झालेला, त्याला हे नको होतं. त्यानं ३२५ साली सरकारी खर्चानं बिशप बोलावले. परंपरा ३१८ सांगते. पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असं ठरलं, आणि त्यासाठी होमोऊसिऑस हा ग्रीक शब्द घातला. सह्या झाल्या. आरियस आणि दोन बिशप नाही म्हणाले, ते हद्दपार. ईस्टर सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं हेही तिथेच ठरलं.

"म्हनजे मिटलं."

"कसलं मिटतंय! तिथून पुढे पन्नास वर्षं धुमाळी." सिस्टरांनी लसूण-मिरची खलबत्त्यात टाकली आणि आवाज वाढवला. तोच बादशहा पुढे दुसऱ्या बाजूला झुकला, त्याचा मुलगा तर उघड विरुद्ध पक्षाचा. निकेयाचा खंदा समर्थक अथानासियस पाच वेळा हद्दपार झाला. आयुष्याची सतराएक वर्षं परमुलखात आणि वाळवंटात. मधल्या काळात एक तडजोडीचा शब्द निघाला, होमोइऊसिऑस, म्हणजे सारख्या तत्त्वाचा. दोन शब्दांत फरक एका अक्षराचा. आपल्याकडे वेलांटीवरून परीक्षेत मार्क जायचे, तिथे गावं सोडावी लागत.

मी मध्येच म्हटलं, की वर्षानुवर्षं आपसात बोलून, पत्रं लिहून जे चाललं होतं, त्यात फौजदार शिरला आणि वाट लागली. सिस्टरांना हे पूर्ण मान्य नाही. त्यांच्या मते बादशहानं बोलावलं नसतं तर एवढे लोक एका छपराखाली आलेच नसते. आमचं यावर एकमत झालेलं नाही. भिंत अजून उभी आहे.

पण अथानासियसची पुढची गोष्ट त्यांनी सांगितली आणि मी गप्प झाले. ३६२ साली तो वनवासातून परत आला तेव्हा चर्चमध्ये नवंच भांडण. काही म्हणत, देवात हायपोस्टॅसिस तीन. काही म्हणत, छे, एकच. दोन्ही निकेयाला मानणारे, आणि दोघंही समोरच्याला पाखंडी समजणारे. आयुष्यभर एका शब्दासाठी भांडलेल्या या म्हाताऱ्यानं अलेक्झांड्रियात छोटी सभा घेतली आणि काय केलं? तीनवाल्यांना विचारलं, तुम्हाला तीन देव म्हणायचे आहेत का? ते म्हणाले, शिव शिव! (हे शिव शिव सिस्टरांचं.) मग एकवाल्यांना विचारलं, पिता-पुत्र-आत्मा हे नुसते मुखवटे आहेत असं म्हणता का? ते म्हणाले, मुळीच नाही. निघालं असं की एकानं त्या शब्दाचा अर्थ व्यक्ती धरला होता, दुसऱ्यानं तत्त्व. दोघांनाही आत घेतलं. शब्दासाठी अडून बसू नका, निकेयात ठरलं तेवढं पुरे, असं सांगितलं.

"माया," बापू म्हणाले.

"काय?"

"माया. कीर्तनात महाराज म्हनतात माया खोटी, आन् मागे बसलेली म्हातारी डोळे पुसते, का माझी नातवावरची माया खोटी कशी? आन् सोनाराला विचारा, त्यानं माया जमवेल असते. तिघं एकच शब्द बोलतात. महाराजानं म्हातारीला इचारलं पाहिजे, बाई, तू कोनती माया म्हनते?"

मी तेहतीस वर्षांत वर्गाला असं काही समजावलेलं नाही.

अर्थात अथानासियसची युक्ती सगळीकडे लागू पडली नाही. त्या सभेचं पत्र अंत्युखियाला पोचण्याआधीच सार्डिनियाच्या एका तापट बिशपानं तिथे एका गटाचा वेगळा बिशप नेमून टाकला होता. ती फूट पुढे कित्येक वर्षं सांधली गेली नाही. पत्र दोन दिवस आधी पोचलं असतं तर, असं सिस्टर दर वेळी म्हणतात. जणू टपालवाल्याला अजून गाठता येईल.

मी विचारलं, आपल्याकडे कोणी असं केलं का? तर म्हणे, नागपूरला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, आणि नगरच्या मिशनची मंडळी ज्यात १९२४ सालीच मिसळली होती ते युनायटेड चर्च. बोलणी १९२९ला सुरू झालेली. एक्केचाळीस वर्षं! साखरपुड्याला गेलेला वऱ्हाडी लग्नाला आजोबा होऊन यावा असं. बॅप्टिस्ट म्हणणार लेकराला बाप्तिस्मा नाही, अँग्लिकन म्हणणार लेकरालाच. शेवटी दोन्ही रीती मान्य केल्या. ज्याला जी पटेल ती, आणि ज्या पाळकाचं मन लेकराच्या बाप्तिस्म्याला तयार नाही त्याच्यावर सक्ती नाही. दुसरा पेच धर्मसेवकांच्या दीक्षेचा: कुणाची दीक्षा खरी? तर सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि प्रार्थना केली, की ज्याला जे हवं असेल ते देवा तू दे. कोणात काय कमी होतं, ते मुद्दाम कुणी उच्चारलं नाही. तिथे सिस्टरांचे सासरे मांडवात होते. ते म्हणायचे, शेजारचा पाळक रडत होता, आणि रडतोय का ते मी विचारलं नाही.

त्यातही ऐन वेळी अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले. अलायन्सवाले आधीपासूनच वेगळे. म्हणजे सिस्टरांचं सासर आत, माहेर बाहेर.

"आमच्या महानुभावांतबी तेरा आम्नाय, म्हनजे शाखा, झाले म्हनतात," बापूंनी दिलासा दिला. ते स्वतः महानुभाव नाहीत, पण त्यांचं आजोळ त्या पंथाचं. खानदेशात हे असंच असतं.

भरतावर कांद्याची पात पडली आणि बापूंना अचानक बालकवी आठवले. आमचा धरणगावचा मुलगा, १९०७ साली इथे जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळवून गेला, आणि पुढे नगरला राहिला कुणाकडे, तर रेव्हरंड टिळकांकडे. बालकवींनी काही बाप्तिस्मा घेतला नाही, टिळकांनीही घरात ठेवून घ्यायला तशी अट घातली नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं दूर राहिल्या. परत आल्या तरी आपलं सोवळं सांभाळूनच, आणि स्वतःहून १९००मध्ये ख्रिस्ती झाल्या. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारे टिळक आयुष्याच्या शेवटी, १९१७मध्ये, मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांना सारखी जागा. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार चालला नाही. पण चौथ्या शतकातल्या बिशपांना जे सुचलं नव्हतं ते या कोकणातल्या माणसाला सुचलं, असं मला वाटतं. सिस्टर म्हणाल्या, सासऱ्यांना ते अजिबात पसंत नव्हतं.

"मग आता नातवाचं काय ठरलं?" मी विचारलं.

"सून म्हणते, नाताळात माझ्या आईसमोर पाणी लावू. भावाला मी काल फोन केला. तो म्हणाला, मी येणार नाही." सिस्टर थोडा वेळ मुसळीनं उगाच मिरची कुटत राहिल्या. "मग तासाभरानं परत फोन आला. म्हणाला, विधीला नाही येणार, पण जेवायला येतो. मटण तुझ्या हातचं कर."

तेवढ्यात गल्लीतून बापूंच्या मंडळींची हाक आली. साबुदाणा गार होतोय. बापूंनी ऐकू न आल्यासारखं केलं. सिस्टरांनी भिंतीवर वाटी ठेवली, तिच्यात वाफाळतं भरीत, वर कच्चं तेल, आणि शेजारी कळण्याची भाकरी.

"आज तुमची दशमी ना, बापू?"

"आज माझी दशमीच," बापू म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. "आवाज करू नका."